हीटसिंकखालचा ठसा

प्रोसेसरवरचा हीटसिंक उचलला की मी आधी मधल्या थर्मल पेस्टचा ठसा पाहतो. दोन धातू कुठे खरंच टेकले होते आणि कुठे नुसते समोरासमोर होते, ते त्यात स्वच्छ उमटलेलं असतं. मधोमध पेस्ट इतकी पातळ की खालचा धातू दिसतोय आणि कडेला तिची बारीक किनार, असा ठसा निघाला तर आधीच्या माणसाचा हात चांगला होता असं समजायचं. एका बाजूला जाड थर आणि दुसऱ्या बाजूला पेस्ट पुसल्यागत, म्हणजे हीटसिंक तिरका बसला होता. इंटेलच्या डब्यातून येणाऱ्या गोल पंख्याला चार कोपऱ्यांवर प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात. त्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या आणि प्रत्येकीचा 'टक' आवाज ऐकायचा. तीन बसतात, चौथी वायरच्या जुडग्याआड अर्धवट राहते. दुसरीकडून सर्व्हिसिंग करूनही तापतं म्हणून माझ्याकडे येणाऱ्या डेस्कटॉपांत ही चौथी खुंटी फार भेटते. पेस्ट बिचारी नवी आणि चांगली असते, तिला फक्त कोणी दाबलेलं नसतं.

माझं दुकान अकोल्यात आहे. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत जिनिंगच्या भागातल्या हवेत रुईचे तंतू तरंगत असतात. तापणारी मशीन ही आमच्या धंद्याची हंगामी आवक. गावात आंबे यायला लागले की लॅपटॉप यायला लागतात.

पेस्टशी माझी ओळख मात्र कॉम्प्युटरच्या आधीची. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते अॅम्प्लिफायर आणि टीव्ही दुरुस्त करायचे. पॉवर ट्रान्झिस्टरच्या पाठीला अभ्रकाचा पातळ तुकडा, त्याच्या दोन्ही बाजूंना डबीतलं पांढरं कंपाउंड आणि मग अॅल्युमिनियमची पट्टी. सिलिकॉन तेलात कालवलेलं झिंक ऑक्साइड, एवढंच त्या डबीत असायचं. उस्ताद ते बोटाने लावायचे, पट्टी स्क्रूने आवळायचे आणि कडेने बाहेर आलेलं ब्लेडने काढून परत डबीत टाकायचे. आम्हा पोरांना वाटायचं, हा कंजूसपणा आहे. पुढे पेंटियम ४ ची कॉम्प्युटरं यायला लागली, तेव्हा कळलं की ते पट्टी किती आवळली जाते याकडे पाहत होते. बाहेर आलेलं कंपाउंड तसंही कामाचं नव्हतं.

३८६ पर्यंतचे प्रोसेसर उघड्या अंगाने चालायचे. ४८६ च्या वेगवान मॉडेलांवर हीटसिंक दिसू लागला, १९९३ च्या पेंटियमबरोबर पंखा घरोघरी आला आणि २००४ च्या आसपासचे पेंटियम ४ तर शंभर वॅटच्या पुढे गेले. शंभर वॅटचा बल्ब पेटता असताना हात लावून पाहिलेला माणूस आमच्या पिढीत तरी सापडेल. तेवढीच उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनमधून काढून पंख्याच्या वाऱ्यावर सोडायची असते, आणि या वाटेवर पेस्टचा टप्पा सगळ्यात लहान आहे. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी.

पण तो टप्पा सोडता येत नाही. प्रोसेसरचं झाकण आणि हीटसिंकचा तळ डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यावर ओरखडे आणि खळगे असतातच. दोन्ही एकमेकांवर ठेवले की धातू धातूला थोड्याच ठिकाणी टेकतो, बाकी फटीत हवा. उष्णता वाहून नेण्याच्या मापात तांबं ४०० च्या घरात, अॅल्युमिनियम दोनशेच्या वर, हवा ०.०२६ आणि आपली पेस्ट, ट्यूबवर काहीही छापलेलं असो, ५ च्या आगेमागे धरा. म्हणजे पेस्ट हवेच्या दोनशेपट चांगली आणि तांब्याच्या ऐंशीपट वाईट. माझं सगळं काम या दोन आकड्यांच्या मधे चालतं. हवा जिथे आहे तिथे पेस्ट हवी, आणि धातू धातूला टेकतोय तिथे ती मधे येता कामा नये.

हिशेब करून पाहिला तर आणखी स्पष्ट होतं. लॅपटॉपची दीड चौरस सेंटिमीटरची चिप २५ वॅट उष्णता सोडते आहे आणि पेस्टचा थर ०.०५ मिलिमीटरचा आहे, तर थराच्या दोन बाजूंत दोन अंशांहून कमी फरक पडतो. तीच पेस्ट ०.३ मिलिमीटर जाड राहिली की फरक दहा अंशांचा. आणि ०.०५ मिलिमीटरच्या त्या फटीत नुसती हवाच असेल, तर कागदावरचं उत्तर तीनशे अंशांच्या वर जातं. इतकं प्रत्यक्षात होत नाही, कारण थोडा तरी धातू टेकलेला असतो आणि त्याच्या आधीच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत ही लक्ष्मणरेषा १०० अंशांवर असते. तिच्याजवळ गेलं की मशीन हळू होते, तरीही चढत राहिलं तर बंद पडते.

गिऱ्हाइकाला हा हिशेब सांगून उपयोग नसतो. तो समोर उभा राहून म्हणतो, "अजून थोडी टाका न भाऊ. पैशे घ्या लागले तर." भाजीवरच्या तेलाचा न्याय तो इथे लावत असतो आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. ट्यूब विकत घेतली, मग ती दिसली तरी पाहिजे. झाकणवाल्या प्रोसेसरवर मी मधोमध एक ठिपका देतो, हीटसिंक सरळ खाली टेकवतो आणि स्क्रू तिरक्या जोडीने थोडे थोडे आवळतो. दाबाने पेस्ट आपोआप पसरते. ठिपका की फुली की रेघ, यावर पोरं दुकानात तावातावाने भांडतात. साध्या चौकोनी प्रोसेसरवर सगळ्यांचा निकाल एका-दोन अंशांत येतो. भांडायचंच असेल तर स्क्रूंवरून भांडावं.

पेस्ट लावणं दोन मिनिटांचं. खरा वेळ जुनी काढण्यात जातो, आणि ते काम बघायला कोणी थांबत नाही. वाळलेली पेस्ट करड्या खडूसारखी झालेली असते. तिला नखाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचा मोह होतो, तो आवरायचा. आधी कोरड्या टिश्यूने जेवढं निघेल तेवढं उचलतो. मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, जे मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे 'आयपीए' म्हणून बाटलीत मिळतं, ते कापडावर घेऊन चिपवर ठेवतो आणि अर्धा मिनिट हात लावत नाही. तेवढ्यात कड सुटते. पुसताना कडेकडून मधे यायचं, म्हणजे मळ आजूबाजूच्या बारीक कपॅसिटरांत पसरत नाही. तिथे गेलेलाच असेल तर कानकाडी. तिचा कापूस सुटतो, म्हणून शेवटचा हात चष्म्याच्या कापडाचा. आणि कापड पुसून पांढरं निघेपर्यंत पुन्हा पुन्हा. हीटसिंकच्या तळाचंही तेच. तांब्याचा खरा लालसर रंग वर आला की नवी ट्यूब उघडायची. बोट मात्र लावायचं नाही, बोटाचं तेल उरतं.

२०२० मध्ये या कामात एक नवाच प्रकार आला. दुकानं बंद, आयपीए मिळेना आणि घरोघरी सॅनिटायझर. लोकांनी घरीच पंखा उघडून त्याने प्रोसेसर पुसले. अल्कोहोलच आहे ना, हा विचार चुकीचाही नव्हता. पण हात कोरडे पडू नयेत म्हणून सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीनसारखं काहीतरी घातलेलं असतं, अल्कोहोल उडून गेलं तरी ते मागे चिकट राहतं. त्याच काळात व्हिडिओ पाहून टूथपेस्ट लावलेली एक मशीनही आली. पहिले काही दिवस टूथपेस्ट चक्क चालते, कारण तिच्यात पाणी असतं. पाणी उडालं की उरतो चुना. वर पुदिन्याचा वास.

एएमडीच्या मशीनवर हीटसिंक काढायच्या आधीची खबरदारी वेगळी. २०१७ मध्ये आलेल्या पहिल्या रायझनपासून पुढची काही वर्षं त्यांच्या प्रोसेसरच्या पोटाला बारीक पिना होत्या, तेराशेच्या वर. सॉकेटचा दांडा लावलेला असला तरी ओढ जोराची बसली की प्रोसेसर उपटून हातात येतो. थंड मशीनचा हीटसिंक सरळ वर ओढला की वाळलेली पेस्ट प्रोसेसरला सोडत नाही, आणि तिरक्या झालेल्या पिना भिंगाखाली एकेक सरळ करत बसावं लागतं. म्हणून मी आधी मशीन चालू करून दहा-पंधरा मिनिटं एखादं जड काम देतो, बंद करतो आणि गरम असतानाच हीटसिंक डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवतो. पेस्टने पकड सोडल्याचं हाताला कळतं. मगच वर. २०२२ च्या एएम५ पासून पिना सॉकेटमध्ये गेल्या आणि ही धास्ती मिटली. अर्थात गावातल्या मशीन अजून जुन्याच आहेत.

महागड्या पेस्टबद्दल विचारणारी पोरं वेगळी. त्यांना ट्यूबवर छापलेले आकडे पाठ असतात, १२.५ की ८.५. हे आकडे कंपनीने आपल्या प्रयोगशाळेत आपल्या पद्धतीने काढलेले. ते बाजूला ठेवले तरी साधी बरी पेस्ट आणि भारी पेस्ट यांत घरगुती डेस्कटॉपवर मला तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक क्वचित दिसला. शिवाय झाकणाच्या आत काय आहे, त्यावर आपला हात पोचत नाही. इंटेलने २०१२ च्या प्रोसेसरांत चिप आणि झाकण यांच्या मधलं सोल्डर काढून स्वतःच पेस्ट घातली होती, तेव्हा शौकिनांनी ब्लेडने झाकणं उघडली. २०१८ मध्ये वरच्या मॉडेलांत सोल्डर परत आलं. एक जण लिक्विड मेटल लावून द्या म्हणून मागे लागला होता. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये ते कारखान्यातूनच येतं, ते खरं आहे. पण त्यात गॅलियम असतं, गॅलियम अॅल्युमिनियमला खातं, आणि थेंब बोर्डावर गेला तर वीज वाहून नेतो. त्याच्या लॅपटॉपचा हीटसिंक पाहिला, तळ अॅल्युमिनियमचा होता. नाही म्हटलं. तो नाराज होऊन गेला, साधी पेस्ट लावूनही घेतली नाही.

लॅपटॉपच्या चिपवर झाकणच नसतं. उघडं सिलिकॉन, काळं आणि चकचकीत, त्यावर थेट तांबं. चिप तापते-निवते तसे सिलिकॉन आणि तांबं वेगवेगळ्या मापाने फुगतात-आकसतात आणि मधली पातळ पेस्ट दर वेळी थोडी कडेला ढकलली जाते. म्हणून डेस्कटॉपवर वर्षानुवर्षं टिकणारी पेस्ट लॅपटॉपात काही महिन्यांत मधून नाहीशी होते. ठशात चिपच्या मध्यावर टक्कल पडलेलं दिसतं. इथे ठिपक्यावर भागत नाही, पूर्ण चिप झाकली गेलीच पाहिजे आणि पेस्ट घट्ट हवी. शेजारच्या मेमरी चिपांवर मऊ पॅड असतात, एखाद-दोन मिलिमीटर जाडीचे. ते फाटले म्हणून कोणी तिथे पेस्टच भरून ठेवतं. हीटसिंक एवढा खाली येतच नाही, तेव्हा ती पेस्ट कशाला टेकणार?

अलीकडे लॅपटॉपांसाठी हनीवेलची पीटीएम ७९५० नावाची चकती वापरू लागलो आहे. खोलीच्या तापमानाला ती घट्ट असते, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन फटी भरते आणि कडेला सहजी पळून जात नाही. ४५ हा आकडा वाचला तेव्हा मी हसलो. आमच्या दुकानात मे महिन्यातल्या दुपारी ती पाकिटातच मऊ व्हायला निघते आणि वरचा प्लास्टिकचा पापुद्रा काढायला गेलं की त्यालाच चिकटून येते. म्हणून ती घरच्या फ्रिजमध्ये. सकाळी डब्याबरोबर बर्फाच्या पिशवीत घेऊन येतो आणि लॅपटॉप पुसून तयार झाल्यावरच बाहेर काढतो. घरात विचारलं जातं, दह्याशेजारी हे काय?

खोलीचं तापमान हा आमच्याकडचा खरा विषय, आणि त्यावर ट्यूबवर काही छापलेलं नसतं. हीटसिंक आणि पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत. पूर्ण कामावर असताना प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंश वर राहत असेल, तर पुण्याच्या जानेवारीत २० अंशांच्या खोलीत तो ६५ वर असतो आणि अकोल्याच्या मे महिन्यात ४४ अंशांच्या टिनाखाली ८९ वर. मशीन तीच, पेस्ट तीच. भारी पेस्टचे तीन अंश या चोवीस अंशांपुढे ठेवून पाहा.

एका ताईंचं महा ई-सेवा केंद्र आहे, स्टँडजवळ. निकाल लागला की दाखल्यांची आणि फॉर्मची गर्दी. त्यांचा फोन आला, "दादा, उद्या लास्ट डेट आहे अन् मशीन मधातच बंद पडून राह्यली. काही खोललं तर हँगच." साइट हळू आहे की मशीन, हे अशा वेळी कोणालाच सांगता येत नाही आणि साइटला शिव्या देणं सोयीचं असतं. जाऊन पाहिलं तर खोलीतला मोठा कूलर थेट त्यांच्या कॅबिनेटकडे तोंड करून. मशीनला थंड वाटावं म्हणून त्यांनीच तो फिरवला होता. ओला वारा रोज अंगावर घेऊन आतले स्क्रू गंजले होते आणि पंख्याच्या पात्यांवर धुळीचा चिखल बसून वाळला होता. पंखा मिनिटाला किती फिरतो ते स्क्रीनवर पाहिलं, नेहमीच्या जेमतेम अर्धं. ब्रशने पाती साफ केली, पंखा बदलला, कॅबिनेट कूलरच्या तोंडासमोरून हलवलं. पेस्ट लावलीच, कारण हीटसिंक उचलला होता. एकदा उचलला की जुना थर परत वापरायचा नसतो, त्यात हवा शिरते. रात्री त्यांचा मेसेज आला, नवीन पेस्ट मस्त आहे.

असं नेहमी होतं. गुण पंख्याचा किंवा जागेचा, नाव पेस्टचं. आधी मी समजावत बसायचो, आता ऐकून घेतो. त्यांना दिसलेली एकच गोष्ट म्हणजे मी ट्यूब उघडली, ती. ब्रश त्यांच्याही घरी आहे.

याची कमाल एका जिनिंगमध्ये आहे. वजनकाट्याच्या केबिनमध्ये त्यांचा कॉम्प्युटर, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. धूळ जाऊ नये म्हणून कॅबिनेट टेबलाच्या बंद खणात ठेवलेलं, पुढे दार, मागे प्लाय. धूळ तरी जायचीच आणि मशीन आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढायची. पंखा काढला तेव्हा पंखा आणि हीटसिंकच्या पत्त्या यांच्या मधे रुईचा थर बसलेला होता, बोटाने उचलला तर पापडासारखा अख्खा निघाला. खालची पेस्ट मात्र छान होती, ठसा भरलेला, मधे पातळ, कडेला किनार. तरी नवी लावली, टेबलाच्या मागची प्लाय कापायला सुतार बोलावला आणि खणाच्या दाराला जाळी बसवून घेतली. काटा चालू असतानाचं तापमान दहा-बारा अंशांनी उतरलं.

तेव्हापासून दरवर्षी हंगामाच्या आधी जातो. जाळी झटकतो. पंख्याला बोटाने अडवून ब्लोअर मारतो, नाहीतर वाऱ्याने तो उलटा भणाणतो आणि बेअरिंग जातं. मग भार देऊन तापमान पाहतो. ते वाढलेलं नसेल तर हीटसिंक उचलत नाही. अजून वाढलेलं नाही, म्हणजे आतली पेस्ट त्या पहिल्या वेळचीच आहे. मुनीमजींना हे मी सांगितलेलं आहे. ते मान हलवतात आणि व्हाउचरवर दरवर्षी तेच लिहितात : 'कॉम्प्युटरला पेस्ट मारणे, रु. ३००.' मी म्हटलं, मुनीमजी, पेस्ट नाही लावली, साफसफाई लिहा. चष्मा वर सरकवत ते म्हणाले, "साफसफाई लिहिली तं मालक इचारतीन, झाडूवाल्याले पगार कायचा देता. पेस्टच राहू द्या."